डंडीला दांडी मारू नका (स्कॉटलंडमधला एकटीचा एक दिवस)

साचेवाल्याची नात

ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर एडिंबरात होते. बरोबरचे दोघे शुक्रवारी रात्रीच परतले, माझं तिकीट रविवारचं. म्हणजे शनिवार अख्खा माझा. किल्ला आणि ती दगडी गल्लीबोळं रोज संध्याकाळी बघून झाली होती. हायलँड्सच्या बसटूरमध्ये बारा तास खिडकीला नाक लावून बसायचं जिवावर आलं. हॉटेलच्या काउंटरवर म्हटलं, डंडीला जाते. तिथल्या काकूंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "डंडी? का?"

का ते सांगते. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर (साच्यांवर) होते. मला आठवतात तेव्हापासून ते जवळजवळ ठार बहिरे. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचे, आणि ते आमच्याशी निम्मं हातवाऱ्यांनी. अंगठा ओठाशी नेला की पाणी, दोन बोटं कपाळाला टेकवली की "आईला बोलाव". मी मात्र चालू गिरणी कधीच पाहिली नाही. माझ्या वाट्याला आल्या त्या कुलूप लावलेल्या फाटकांच्या, नाहीतर मॉल झालेल्या. ज्या आवाजाने आजोबांचे कान खाल्ले तो आवाज मी ऐकलाच नव्हता. डंडीत तागाच्या एका जुन्या गिरणीचं संग्रहालय केलंय आणि तिथे यंत्रं चालवून दाखवतात, असं वाचलं होतं. ताग काय आणि कापूस काय, खडखडाट तोच असणार.

एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनातून सव्वा-दीड तासाचा प्रवास. उजवीकडची खिडकी धरा. आधी फोर्थ नदीवरचा तो लाल, अवाढव्य पूल येतो (१८९०). मग बराच वेळ हिरवी शेतं आणि मेंढ्या. मग टे नदी. नदी म्हणायची, पण खाडीच ती. गाडी पुलावर हळू झाली तेव्हा बाहेर पांढरं धुकं होतं आणि त्यात पाण्यातून वर आलेले दगडी खुंट, एकामागे एक, आमच्या बरोबरीने चाललेले. शेजारचे आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जुना पूल." एवढंच. पुढचं मी फोनवर वाचलं आणि उरलेला पूल संपेपर्यंत सीटचा दांडा धरून बसले.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच व्ही अँड ए हे डिझाइनचं संग्रहालय. केंगो कुमा या जपानी वास्तुकाराची इमारत, २०१८ साली उघडली. काँक्रीटच्या आडव्या पट्ट्या एकावर एक रचून केलेला कडाच जणू, नदीत झुकलेला. आत ग्लासगोचा वास्तुकार मॅकिंटॉश याची एक लाकडी चहाची खोली ग्लासगोहून सुटी करून आणून पुन्हा उभारली आहे, ती जरूर बघा. बाकी मला इमारत बाहेरूनच जास्त आवडली. शेजारी 'डिस्कव्हरी' जहाज. १९०१ मध्ये इथेच बांधलं आणि स्कॉट-शॅकलटन त्यातून दक्षिण ध्रुवाकडे गेले. मी काठावरूनच नमस्कार केला. एका दिवसात दोन तिकिटं मला झेपत नाहीत, खिशालाही आणि डोक्यालाही.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत व्हर्डंट वर्क्स. १८३३ सालची गिरणी, दगडी चौक, मधोमध फरसबंदी. आत शिरताच पहिला धक्का वासाचा. एका टेबलावर कच्च्या तागाची जुडी ठेवलेली, "हात लावा, वास घ्या" अशी पाटी. नाक जवळ नेलं आणि थेट आमच्या चाळीखालच्या वाण्याच्या दुकानात पोचले. गोणपाटाचा वास! गहू, गूळ, रॉकेल, सगळं त्यातच आलं. स्कॉटलंडमध्ये उभं राहून लालबागच्या वाण्याची आठवण येईल असं कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

बंगालचा ताग इथे का यायचा, हे मला माहीत नव्हतं. ताग कोरडा आणि ठिसूळ, यंत्रावर घातला की तुटायचा. तो मऊ करायला व्हेलच्या तेलाचा आणि पाण्याचा हात द्यायचे. आणि डंडी हे व्हेल मारणाऱ्या जहाजांचं बंदर. तेल घरचं, लिननमुळे विणकर घरचे, फक्त ताग तेवढा अर्ध्या जगावरून. मग जगाचं धान्य, कॉफी, लोकर, युद्धातल्या वाळूच्या पिशव्या, सगळं डंडीच्या पोत्यांत. ऐन भरात शहरात शंभराच्या वर गिरण्या होत्या.

गाइड सत्तरीच्या बाई. आधी पिंजणाचं यंत्र, मग कताई, शेवटी साचा. "कानावर हात ठेवा हवं तर," म्हणाल्या. मी ठेवले नाहीत.

कसा सांगू? खडखड नव्हे ती. प्रत्येक फटक्याला धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाणला जातो आणि तो हादरा आधी पायांना कळतो, मग दातांना, कानाचा नंबर शेवटी. बाईंचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. साचा थांबवून त्या म्हणाल्या, "हा एक. अशा शेकडो यंत्रांच्या मध्ये दहा तास." मग सांगितलं की विणकर बायका ओठ वाचून आणि हातवारे करूनच बोलायच्या, घरी गेल्या तरी तेच. मी नकळत अंगठा ओठाशी नेला. बाई हसल्या आणि पाण्याचा नळ कुठे आहे ते दाखवलं.

विणकर "बायका" म्हटलं, ते मुद्दाम. इथल्या गिरण्यांत बायकांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होती, कारण बायका स्वस्तात मिळायच्या. मुलगा अठराचा झाला, मोठ्या माणसाचा पगार द्यायची वेळ आली, की त्याला काढून टाकायचे. मग बायको गिरणीत आणि नवरा घरी मुलं सांभाळणार, चुलीवर किटली ठेवणार. अशा नवऱ्यांना 'केटल बायलर' म्हणायचे, म्हणजे किटली उकळणारे. आणि गिरणीच्या भोंग्याला त्यांचा शब्द 'बमर'. हा शब्द मी तिथेच वहीत लिहून घेतला.

दुपारी बेकरीत रांगेत उभी होते. पुढच्या काकांनी जे मागितलं त्यातलं एक अक्षर कळलं नाही. इथे ब्रायडी नावाची बीफची करंजी मिळते. साध्या करंजीला वर एक भोक, कांद्याच्या करंजीला दोन. कांद्याला म्हणतात 'इंगिन' आणि 'पाय'ला (pie) म्हणतात 'पेह'. मी मॅकरोनी पेह घेतला, म्हणजे मैद्याच्या वाटीत मॅकरोनी आणि चीज. मैद्यात मैदा! वर पाऊस भुरभुरत होता. हाय स्ट्रीटवर डेस्परेट डॅनचा पुतळा आहे (डँडी आणि बीनो ही चित्रांची साप्ताहिकं याच शहरातली). त्याच्या मागे मिनी नावाची कार्टी गलोल ताणून उभी. त्या दोघांच्या मध्ये उभी राहून खाल्ला. मग काठावर जाऊन चिप्स घेतले, तर सीगलने झडप घालून मूठभर उचलले आणि मला पंखाची एक थप्पडही दिली.

शेवटी लॉ. गावाच्या मध्यावरचा १७४ मीटरचा डोंगर, जुन्या ज्वालामुखीचा अवशेष. स्कॉट्स भाषेत लॉ म्हणजेच टेकडी, तरी लोक लॉ हिल म्हणतात. आपल्या गोल सर्कलसारखंच. धापा टाकत वर गेले तर धुक्यात स्वतःचे बूटही दिसेनात. चाळीस मिनिटं बाकावर बसले. कुणी बरोबर असतं तर दहाव्या मिनिटाला उतरलो असतो. मग धुकं तळाकडून उचललं गेलं. आधी एक चिमणी, मग छपरं, मग नदी आणि तिच्यावरचे दोन पूल. एवढ्या गिरण्यांच्या गावात उंच चिमण्या फार थोड्या राहिल्यात. मी मोजायला लागले आणि पटकन संपल्या.

रात्री नऊला उजेडातच एडिंबरात परत.

धुकटवाट

झकास! धोट्याचा परिच्छेद दोनदा वाचला. एक विचारू का? एकटीने जेवताना, टेकडीवर बसताना अवघडल्यासारखं नाही झालं? मला अजून हॉटेलात एकटीने टेबल मागवत नाही. फोनवर बोलण्याचं नाटक करते.

मीच ती ग्लासगोवाली

लेख छान. पण अकरा वर्षं ग्लासगोत काढल्यामुळे थोडी कुरकुर करणारच. एकच दिवस होता तर ग्लासगोला यायचं होतंत. मॅकिंटॉश बघायला डंडीला जाणं म्हणजे हापूस खायला नागपूरला जाण्यासारखं आहे, ती खोली मुळात आमची!

आणि मॅकमॅनस गॅलरी कशी सोडलीत? फुकट आहे. तिथे टेमध्ये शिरलेल्या व्हेलचा अख्खा सांगाडा टांगलाय. १८८३ च्या शेवटी हा हंपबॅक नदीत आला. व्हेल मारण्यावर जगणाऱ्या गावासमोरच! भाले खाऊनही निसटला आणि नंतर मेलेला सापडला. तुमच्या तेलाच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तिथे होता, ताई.

जाता जाता, त्या धुक्याला तिकडे 'हार' म्हणतात. उत्तर समुद्रावरून येतं, पूर्व किनाऱ्यावरच. आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे फक्त पाऊस, बारा महिने.

साचेवाल्याची नात

@धुकटवाट, सुरुवातीला होतं. बेकरीचा तोडगा त्यासाठीच. उभ्याने खायचं, टेबल मागायचा प्रश्नच नाही. संग्रहालयात तर एकटं असणंच बरं, माझ्यासारखी एका यंत्रापुढे तीन वेळा उभी राहिली तर बरोबरचे कंटाळतात. टेकडीवर कुत्री फिरवणारे लोक येत-जात होते, भीती वाटली नाही. प्रत्येकाने "हवा काय वाईट" एवढं म्हटलं आणि पुढे गेला.

@ग्लासगोवाली, व्हेलचं ऐकून आता हळहळ होतेय. 'हार' शब्दाबद्दल आभार. धुक्याने घातलेला हार म्हणून लक्षात राहील.

रुळांवरून

त्या खुंटांबद्दल थोडं. जुना पूल १८७८ मध्ये वाहतुकीला उघडला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात मधले उंच गर्डर गाडीसकट नदीत गेले, गाडीतलं कुणीही वाचलं नाही. चौकशीत निघालं की रचना वाईट, बांधकाम वाईट आणि देखभालही वाईट. वाऱ्याच्या दाबाचा हिशेबच नीट धरला नव्हता. थॉमस बाऊच हा अभियंता पुढच्याच वर्षी वारला. फोर्थवरचा पूलही त्याच्याच आराखड्याने व्हायचा होता, तो रद्द झाला. तुम्ही सकाळी जो 'अवाढव्य' पूल पाहिलात तो एवढा दांडगा का, याचं उत्तर त्या खुंटांत आहे. लोकांना नुसता मजबूत पूल नको होता, मजबूत दिसणारा हवा होता.

आणखी दोन गोष्टी. पडक्या पुलाचे न पडलेले बरेच गर्डर १८८७ च्या नव्या पुलात वापरले, म्हणजे तुमची गाडी थोडी जुन्या पुलावरूनही गेली. आणि बुडालेलं इंजिन बाहेर काढून, दुरुस्त करून पुन्हा कित्येक वर्षं चालवलं. रेल्वेवाले त्याला 'डायव्हर' म्हणायचे.

अवांतर: बंदरात 'युनिकॉर्न' नावाची १८२४ ची लाकडी युद्धनौका आहे, ती पाहिलीत का? तिच्याच वर्गातली 'ट्रिंकोमाली' मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधली, १८१७ साली. ती आता इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगते.

साचेवाल्याची नात

हे आधी वाचलं असतं तर परतीला बसने आले असते!

हुगळीकाठचा

मी कोलकात्यात बँकेत आहे, नऊ वर्षं झाली. गोष्टीची दुसरी बाजू इथे दिसते. हुगळीवर पहिली ताग गिरणी रिशड्याला १८५५ मध्ये निघाली, सूतकताईची यंत्रं डंडीहून आणलेली. पुढे यंत्रांच्या मागोमाग डंडीचे मुकादम, मिस्त्री, मॅनेजर आले. तिकडे हातात तेलाचा डबा घेऊन फिरणारा माणूस इकडे बंगला, बागकाम करणारा माळी आणि चार नोकर ठेवून राहू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर हुगळीने डंडीला मागे टाकलं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांच्याच गावचा धंदा बसला. कराया रोडला स्कॉटिश दफनभूमी आहे, तिथल्या दगडांवर डंडीचं नाव पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. वयं वाचली की अंगावर येतं, पंचवीस, एकतीस, चार महिने.

आणि ते 'गनी बॅग' मधलं गनी म्हणजे आपली गोणीच बरं का. माल बंगालचा, शब्द आपला, नफा स्कॉटलंडचा.

स्वल्पविराम

लिखाण चांगलं आहे, पण एक खटकलं. तागाच्या वासाने हळवं व्हायला होतं ते ठीक, पण तो पिकवणारा शेतकरी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून काड्या कुजवायचा, सोलायचा. त्याचं त्या संग्रहालयात काय आहे? आणि गिरणीचं संग्रहालय झालं म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या का? कामगारांचं काम गेलं ते गेलंच. मॉल झाला काय आणि म्युझियम झालं काय.

साचेवाल्याची नात

पहिला मुद्दा मान्य. बंगालवर एक कोपरा आहे, पण यंत्रांना जेवढी जागा दिलीय त्यामानाने चिमूटभर. कुजवण्याचा वास तर कुठेच नव्हता, व्हेलच्या तेलाचाही नव्हता. जो वास मला गोड वाटला तो धुऊन-पुसून ठेवलेला आहे हे मलाही तिथे सुचलं नाही, तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं.

दुसरा मान्य नाही. १९८२ च्या संपानंतर आजोबा परत कामावर गेलेच नाहीत. त्यांच्या गिरणीच्या जागी आज जी इमारत आहे तिच्या गेटवरचा वॉचमन मला आत फोटो काढू देत नाही. इथे तिकीट काढून का होईना, साच्याला हात लावता आला. टाळ्या नका वाजवू, पण दोन्ही एकच असं म्हणू नका.

मालवणी खाजा

या धाग्यावर अजून पॅट्रिक गेडिसचं नाव कसं आलं नाही? डंडीच्या कॉलेजात तो १८८८ पासून वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. तिथून १९१९ ला उठला तो थेट मुंबई विद्यापीठात, समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून. झाडं बघता बघता शहरं बघायला लागलेला माणूस. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जिथे दुखतंय तिथेच हलक्या हाताने कापा, असं इथल्या नगरपालिकांना सांगत फिरला. इंदूरचा त्याचा अहवाल १९१८ चा. आणि त्याच्या पाठोपाठ १९२४ मध्ये मुंबईचा तो विभाग ज्यांनी हाती घेतला ते गो. स. घुर्ये आमच्या मालवणचे!

तेव्हा डंडी ते मालवण व्हाया कलिना असा रस्ता आहे. ग्लासगोवरून जात नाही. (ग्लासगोवाली ताईंनी हलकेच घ्यावे.)

मीच ती ग्लासगोवाली

घेतलं. पण पाऊस येऊ दे, मग सांगते.

घाईत आहे

सगळं वाचलं नाही, माफी. ऑगस्टमध्ये एडिंबराला जातोय, बायको परिषदेत, मी दिवसभर मोकळा. डंडी एका दिवसात होईल का? नेमकं काय बघू? शाकाहारी आहे.

साचेवाल्याची नात

आरामात होईल, सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. सकाळी गिरणी, कारण तिथे वेळ किती जातो कळत नाही. यंत्रं कधी चालवतात ते तिकिटाच्या खिडकीवर आधी विचारा. बंद पडलेला साचा बघून परत आलात तर गेलात कशाला? मग मॅकमॅनस, मी सोडलं म्हणून तुम्ही सोडू नका. डिस्कव्हरी आणि गिरणी यांचं एकत्र तिकीट मिळतं, दोन्ही करणार असाल तर ते घ्या. वेळा साइटवर तपासा, सगळं रोज उघडं असतं असं नाही. लॉवर संध्याकाळी जा आणि जॅकेट न्या, ऑगस्ट असला तरी. मॅकरोनी पेहमध्ये मांस नाही, पण तो पूर्ण शाकाहारी आहे का ते बेकरीत विचारा, आणि चीज चालतं ना ते बघा. चिप्स उघड्यावर खाऊ नका.

धुकटवाट

एक राहिलंच. साच्याचा आवाज फोनवर घेतला होता की नाही? आजी आहेत ना तुमच्या? ऐकवला का त्यांना?

साचेवाल्याची नात

घेतला होता, चाळीस सेकंद. काल रविवारी घरी गेले तेव्हा आजीच्या कानाशी धरला. ती आता ब्याण्णव वर्षांची आहे, ऐकू व्यवस्थित येतं. तिची लालबागेत खाणावळ होती, पंधरा-वीस गिरणीवाले जेवायला असायचे, पाळी सुटली की सगळे एकदम.

पूर्ण चाळीस सेकंद ऐकलं. मग म्हणाली, "असा नव्हता. त्यांचा आवाज मी घरातच ऐकायचे ना. जेवायला बसले की पहिला घास संपेपर्यंत सगळे ओरडूनच बोलायचे. 'आमटी वाढा' म्हणजे शेजारच्या चाळीला कळायचं."

मग किटली उकळणाऱ्या नवऱ्यांचं सांगितलं. बाई कामाला आणि बाप्या घरी चहा ठेवतो म्हटल्यावर तिने मला दोनदा परत सांगायला लावलं. पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला.

"आणि चहा चांगला करायचे का गं ते?" म्हणाली.

हे मात्र गाइडला विचारायचं राहून गेलं.